पुसलेला कोड

“मग त्याला का दिलीत?”

गुलाब उस्तादांनी मान वर केली नाही. ते एका बोल्टवर नट चढवत होते. बोटं थरथरत होती. नट दोनदा निसटून फरशीवर पडला.

“कुणाला काय दिलं?”

“डॉक्टर नलवडेंची गाडी. दत्तूला. टर्बोची गाडी आहे उस्ताद, जागोजागी सेन्सर आहेत. टर्बो कुठं असतो हे त्याला परवापर्यंत माहीत नव्हतं.”

“परवा कळलं की मंग.”

नट तिसऱ्यांदा पडला. अभिनंदन मगदूमनं वाकून तो उचलला, एका झटक्यात बोल्टवर चढवला आणि उस्तादांच्या हातात दिला.

उस्तादांनी नट परत काढला आणि पुन्हा स्वतः चढवायला घेतला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, दोन फाउंड्रींच्या मध्ये, गुलाब शिकलगारांचं गॅरेज आहे. पाटी नाही. पाटीची गरज कधी पडली नाही. इंजिन सुरू करून उस्ताद नुसते शेजारी उभे राहायचे आणि रोग सांगायचे.

आता कान शाबूत होते, हात गेले होते.

या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की आपण बाजूला होणार, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. गॅरेज दोघांपैकी एकाला सांभाळायचं होतं. कोणाला, ते सांगितलं नव्हतं.

दोघांपैकी एक अभिनंदन. मेकॅनिकल इंजिनिअर. कंपनीची नोकरी सोडून आलेला. तीन वर्षं इथं. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर गॅरेजमध्ये त्यानंच आणला. इंग्रजीतले कोड वाचणारा तो एकटाच.

दुसरा दत्तू डवरी. वय बेचाळीस. सातवी पास. अकरा वर्षं साखर कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर ओढला. इथं येऊन आठ महिने.

आठ महिने. आणि उस्ताद बशीतला अर्धा चहा त्याला देत.

“तुला काम न्हाई दिलं असं वाटतंय व्हय?” उस्तादांनी विचारलं.

“तसं नाही.”

“तसंच हाय. गाडी त्याला दिली. खडू कुणाला दिला?”

“... मला.”

“मंग?”

त्या गॅरेजचा एक रिवाज होता. ज्यानं काम केलं त्यानं ते पास करायचं नाही. काम एकाचं, तपासणी दुसऱ्याची. तपासणाऱ्यानं गाडी चढावर पळवून आणायची, खोट शोधायची. खोट नसली तर बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूनं एक सरळ रेघ मारायची. रेघ नसलेली गाडी फाटकाबाहेर जात नसे.

पन्नास वर्षं ती रेघ उस्ताद मारत होते. गेल्या महिन्यापासून ती हे दोघं एकमेकांच्या कामावर मारत होते.

अभिनंदनला त्यात मान दिसला नाही. दत्तूच्या हातात पान्हा होता आणि त्याच्या हातात खडू. मास्तरासारखा.

*

काम तसं साधं होतं.

डॉ. शैला नलवडे जनावरांच्या डॉक्टर. दर बुधवारी करूळ घाट उतरून खाली कोकणात जात, संध्याकाळी घाट चढून परत येत. त्यांच्या गाडीचा टर्बोखालचा पत्रा गंजून गळून पडला होता. तो पत्रा एक्झॉस्टच्या पाइपची आग अडवतो. पत्रा गेला आणि शेजारची रबरी नळी वितळायला लागली. कंपनीचा पत्रा यायला दोन महिने लागणार होते.

तोवर पाइपला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळायची. काचेच्या धाग्यांची, जाड. भिजवून घट्ट गुंडाळायची म्हणजे वाळल्यावर आवळून बसते.

दत्तूनं पट्टी बादलीत भिजवली. पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, तरी काच मनगटापाशी शिरली. तो खाजवत, हसत काम करत होता.

“उस्ताद, लहानपणी आमच्या बैलाचं शिंग मोडलं हुतं. बानं अशीच चिंधी गुंडाळली हुती. त्येल लावून.”

“बैल जगला का?”

“बैल जगला. बाला मात्र त्यानं दुसऱ्या शिंगानं हाणला.”

उस्ताद हसले. पोट हलेपर्यंत हसले.

अभिनंदन समोर एका गाडीच्या चाकापाशी बसला होता. त्यालाही विनोद कळला होता. त्याला हसू आलं नाही.

दत्तू पट्टीचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत होता. बोट घालायला फट सापडली नसती. टर्बोपासून खाली येत येत तो सेन्सरपाशी पोचला. पाइपमध्ये आटे फिरवून बसवलेला, अंगठ्याएवढा, मागून वायर निघालेली. धुरात प्राणवायू किती आहे ते हा सेन्सर मोजतो आणि इंजिनला कळवतो.

दत्तू क्षणभर थांबला. मग त्यानं पट्टी सेन्सरवरूनही नेली. वायर जिथं सुरू होते तिथंपर्यंत नीट, मायेनं गुंडाळून वर स्टीलचा पट्टा आवळला.

अभिनंदननं ते पाहिलं.

सेन्सरचं टोक आत आगीत असतं, पण त्याचं डोकं बाहेर वाऱ्यात लागतं. डोकं झाकलं की आतली आग वर चढते आणि वायर वितळते. हे त्याला माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं.

त्याच वेळी उस्ताद उठले. गाडीखाली वाकले. बॅटरीच्या उजेडात त्यांनी पट्टीवरून थरथरता अंगठा फिरवला, टर्बोपाशी, वरचे पाच-सहा वेढे. त्याच्या पुढं त्यांची कंबर वाकेना.

“शाब्बास,” ते म्हणाले.

अभिनंदननं तोंड मिटलं.

तीन वर्षांत त्याला एकदाही ‘शाब्बास’ मिळालं नव्हतं. ‘बरं’ मिळालं होतं. ‘हूं’ मिळालं होतं. एकदा, एका जर्मन गाडीचा गिअरबॉक्स त्यानं एकट्यानं उघडून बसवला, तेव्हा ‘जेव आता’ मिळालं होतं.

तपासणी माझ्याकडेच आहे, त्यानं मनाशी म्हटलं. तेव्हा सांगेन.

*

मंगळवारी दुपारी तो गाडी घेऊन जोतिबाच्या चढाला लागला. स्कॅनर शेजारच्या सीटवर होता.

पट्टी पहिल्यांदा तापली की धूर निघतोच. निघाला. थांबला. गाडी छान ओढत होती. बॉनेटखालची आग खरंच कमी झाली होती. रबरी नळी हाताला कोमट लागत होती.

काम चांगलं होतं. हे त्याला आवडलं नाही.

वरच्या वळणावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

त्यानं गाडी कडेला घेतली. स्कॅनर जोडला. पी-०१३५. सेन्सरच्या आतल्या हीटरची लाइन.

तो पडद्याकडे बघत राहिला.

छातीत काहीतरी मोकळं झालं. चांगली बातमी आल्यावर होतं तसं.

आता खाली जायचं, उस्तादांना कोड दाखवायचा, पट्टी सेन्सरपाशी कापायची. पाव तासाचं काम. उस्ताद म्हणतील, ‘हूं’. दत्तू म्हणेल, ‘चुकलं माझं, साहेब’. मग दोघं हसतील आणि बशीतून चहा पितील.

बस्स, एवढंच होईल.

पण हाच दिवा डॉक्टरांच्या समोर लागला तर? त्या परत येतील. विचारतील, काम कोणी केलं?

स्कॅनरवर एक बटण असतं. कोड पुसायचं. यंत्र एकदा विचारतं, नक्की का? तो ‘हो’ म्हणाला.

दिवा विझला. सेन्सर गार झाला होता, दिवा लगेच परत लागला नाही.

चार वाजता त्यानं बॉनेट उचलून आत खडूनं रेघ मारली.

“खोट?” उस्तादांनी लांबूनच विचारलं.

“नाही.”

“मंग रेघ मारलीस?”

“मारली.”

उस्ताद उठून बघायला आले नाहीत. रेघ मारली म्हटल्यावर बघायचं नाही, हाही रिवाजच होता.

*

गुरुवारी सकाळी गाडी आली ती ट्रकवर चढून.

डॉ. नलवडे ट्रकच्या केबिनमधून उतरल्या. साडीला चिखल. एका हातात औषधांची पेटी. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“काल संध्याकाळी घाट चढत होते,” त्या म्हणाल्या. “निम्म्यात दिवा लागला आणि गाडीनं जोर सोडला. ॲक्सिलरेटर तळाला दाबला तरी चालत्या माणसाच्या वेगानं जायला लागली. मागं जांभ्या दगडाचा ट्रक होता, भरलेला. त्याचा ब्रेक लागला म्हणून मी इथं उभी आहे.”

त्यांनी पेटी खाली ठेवली.

“त्याचा ड्रायव्हर उतरून मला पाणी देत होता,” त्या म्हणाल्या. “निम्मं पाणी त्यानंच पिऊन टाकलं.”

दत्तू बॉनेट उघडून आत वाकला होता. त्याचा आवाज तिथूनच आला.

“वायर वितळलीया. पट्टीच्या आत. सेन्सरापाशी...”

तो सरळ उभा राहिला. चेहरा राखेसारखा.

“मॅडम, पट्टी म्या गुंडाळली. त्यो बारका सेन्सर उघडा दिसला. म्हटलं, येवढ्या आगीत ह्यो जळंल बिचारा. म्हणून झाकला. चुकी माझी हाय.”

त्यानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. बेचाळीस वर्षांचा माणूस.

अभिनंदन याच क्षणाची वाट बघत होता. अगदी असाच तो त्यानं डोळ्यांपुढं आणला होता. फक्त डोळ्यांपुढं आणताना त्यात जांभ्याचा ट्रक नव्हता.

“इंजिनिअर,” उस्ताद म्हणाले, “यंत्र लाव.”

त्यानं स्कॅनर जोडला.

“काय म्हणतंय?”

“पी-०१३५. सेन्सरच्या हीटरची लाइन. पुढं आणखी दोन कोड आहेत, त्याच्यामुळंच आलेले. म्हणून कॉम्प्युटरनं टर्बो बंद केला, गाडीचा जोर गेला.”

“चढावर नेली हुतीस तवा आला न्हवता?”

अभिनंदननं स्कॅनरची वायर सरळ केली.

“आला न्हवता?”

“नाही.”

“आनि काय सांगतंय यंत्र?”

पडदा खाली सरकवला की एक ओळ येते. कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली. गाडी ते लिहून ठेवते. ते पुसता येत नाही.

एकशे चोवीस किलोमीटर.

जोतिबाच्या वरच्या वळणापासून गॅरेज, गॅरेजपासून गगनबावडा, घाट खाली, घाट निम्मा वर. त्यानं मनातल्या मनात बेरीज केली. गाडीनं किलोमीटरभराचीही चूक केली नव्हती.

उस्तादांना इंग्रजी येत नव्हतं. दत्तूला येत नव्हतं. डॉक्टरांना येत होतं, पण त्या लांब, पाण्याच्या पिंपापाशी तोंड धुत होत्या.

“आणखी काही नाही,” तो म्हणाला.

उस्तादांनी मान हलवली. ते बॉनेटपाशी आले. पट्टी, सेन्सर, वितळलेली वायर यांतलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. ते बॉनेटच्या आतली खडूची रेघ बघत होते.

बराच वेळ बघत होते.

मग स्टुलावर जाऊन बसले.

*

दत्तू कात्रीनं पट्टी कापत होता. वाळलेली काच भुरूभुरू उडत होती. त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठला होता. या वेळी तो हसत नव्हता आणि बैलाची गोष्टही सांगत नव्हता.

अभिनंदन शेजारी उभा होता. काय करावं ते न सुचून त्यानं बॅटरी धरली.

“साहेब,” दत्तू खालच्या आवाजात म्हणाला, “एक बरं झालं.”

“काय?”

“तुमी हाय हितं. यंत्र वाचायला. न्हाईतर म्या आडाण्यानं ही बी वायर जोडून वरनं पुन्यांदा पट्टी गुंडाळली असती. पुन्यांदा झाकली असती बगा.”

कात्री चालत राहिली.

“उस्तादांस्नी म्या सांगितलंय,” तो म्हणाला. “खंडेनवमीचं. म्हटलं, माझं नाव काडा त्यातनं. ज्याला दिसतंय त्याला द्या.”

बॅटरीचा उजेड हलला.

“नीट धरा की साहेब.”

“कधी सांगितलंस?”

“मगाशी. तुमी यंत्र गुंडाळून ठेवत हुता तवा.”

म्हणजे मिळालं. जे हवं होतं ते सगळं मिळालं. न मागता, समोरच्यानं हातानं काढून दिलं.

अभिनंदननं बॅटरी खाली ठेवली आणि तो स्टुलापाशी गेला.

“उस्ताद.”

“हूं.”

“कोड आला होता. मंगळवारी. जोतिबाच्या चढावर. मी पुसला.”

उस्ताद त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“... तुम्हाला माहीत होतं?”

“मगाशी कळलं. रेघ बगितली. तीन वर्सं तुजा हात बगतोय, फूटपट्टी लावल्यागत रेघ मारतोस. ही रेघ माझ्या हातानं मारल्यागत हाय.”

त्यांनी आपला थरथरता पंजा वर करून दाखवला.

“मग तिथंच बोलला का नाहीत?”

“तू बोलायचा हुतास न्हवं.”

बाहेर फाउंड्रीत भट्टी उघडली. आवाज येऊन गेला.

“मला सांगून काय उपेग?” उस्ताद म्हणाले. “मी घाटात न्हवतो.”

अभिनंदन पिंपापाशी गेला. डॉक्टर पदरानं तोंड पुसत होत्या.

त्यानं सांगितलं. सगळं, एका दमात. दत्तूला ऐकू जाईल अशा आवाजात. कात्री थांबली.

डॉ. नलवडेंनी ऐकून घेतलं.

“का?” त्यांनी विचारलं.

त्यानं उत्तर शोधलं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आणि गॅरेजच्या तीन वर्षांत शिकलेलं काहीच तिथं लागू पडेना.

“त्याला शाब्बास म्हणाले होते,” तो शेवटी म्हणाला.

मोठ्यानं बोलल्यावर ते केवढंसं होतं ते त्याला ऐकू आलं.

डॉक्टरांनी पेटी उचलली.

“मी रोज मुक्या जनावरांशी बोलते,” त्या म्हणाल्या. “दोन म्हशी दावणीला असल्या आणि एकीला जास्त पेंड घातली, तर दुसरी शिंग मारते. पण ती समोरून मारते.”

मग उस्तादांकडे वळून म्हणाल्या, “गाडी कधी मिळेल?”

“नवा सेन्सर घालतो. उद्या सांजच्याला.”

“घालणार कोण?”

“हाच.” उस्तादांनी अभिनंदनकडे बोट केलं.

डॉक्टर थांबल्या. त्या या गॅरेजच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. रिवाज त्यांना माहीत होता.

“आणि रेघ कोण मारणार?”

“दुसरा.”

डॉक्टरांनी दत्तूकडे एकवार पाहिलं आणि रिक्षा बघायला फाटकाकडे गेल्या.

*

दत्तू कात्री हातात घेऊन तसाच उभा होता.

अभिनंदन त्याच्यापुढं गेला.

“मला सांगायचं हुतं की साहेब,” दत्तू म्हणाला. रागानं नाही. रागानं असतं तर सोपं गेलं असतं. “तुमी बगितलं हुतं झाकताना?”

“हो.”

“तवाच?”

“तेव्हाच.”

“मी तुमचा वैरी हाय व्हय? मी सांजच्याला घरी बायकोला सांगतो, आमच्याकडं एक इंजिनिअर हाय, गाडीच्या पोटातलं वाचतो.”

त्यानं कापलेली पट्टी गोळा करून पोत्यात भरली. पोतं बांधलं. हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

अभिनंदन पुन्हा स्टुलापाशी आला. आपलं सामान मागच्या खोलीत किती आहे, किती फेऱ्यांत नेता येईल, हे त्याच्या मनात चाललं होतं.

“जाऊ मी?”

“कुटं?”

“तुम्ही काढणारच.”

“उद्याच्याला सेन्सर कोण घालणार? मी?” उस्तादांनी दोन्ही हात पुढं केले. हात हवेत नाचले. “बस.”

तो फरशीवर बसला.

“कोड दिसला तवा कसं वाटलं?”

“म्हणजे?”

“दिवा लागला. यंत्रावर आकडा आला. त्या टायमाला. हितं कसं झालं?” उस्तादांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

खोटं बोलायला जागा होती. घाबरलो, असं म्हणता आलं असतं. काय करू सुचेना, असंही.

“... बरं वाटलं,” अभिनंदन म्हणाला.

उस्तादांनी सावकाश मान डोलावली. अडलेला नट आट्यांत बसला की ते अशी मान डोलवत.

“उद्याच्याला तू सेन्सर घालणार,” ते म्हणाले. “पट्टीबी तूच गुंडाळणार. दत्तू तपासणार. बरूबर?”

“बरोबर.”

“त्याला कोड वाचता येत न्हाईत. मंग तपासणार कसा?”

अभिनंदनला पुढचं कळलं. कळलं तशी मान ताठ झाली.

“आज बसव त्याला शेजारी,” उस्ताद म्हणाले. “यंत्र शिकव. ए बी शी डी पासनं. कोड कसा वाचायचा, कसा पुसायचा. पुसलेला कसा हुडकायचा, तेबी.”

“... तेही?”

“ते पैलं.”

“उस्ताद, हात त्याचा माझ्यापेक्षा चांगला आहे. मला माहीत आहे. पट्टीत एक फट नव्हती. सेन्सर सोडला तर ते काम माझ्याच्यानं झालं नसतं.”

“हूं.”

“इंजिन ऐकायचा कान तुम्ही त्याला दिलेतच. आता यंत्रही आलं की तो माझ्यापुढं जाईल. खंडेनवमीपर्यंत सुद्धा लागणार नाही.”

“जाईल,” उस्ताद म्हणाले. “मलाबी वाटतंय, जाईल.”

दत्तू हात पुसत आत आला. दोघांना बसलेलं पाहून तो दारातच थांबला. उस्तादांनी त्याला हातानं जवळ बोलावलं. अभिनंदनशेजारी फरशीवर जागा दाखवली.

तो येऊन बसला. दोघांच्या गुडघ्यांमध्ये वीतभर अंतर होतं.

अभिनंदननं स्कॅनर मांडीवर घेतला. चालू केला. पडदा उजळला. बराच वेळ त्यानं तो आपल्याकडेच धरून ठेवला.

मग मान वर न करता त्यानं विचारलं,

“हे पण दिल्यावर माझ्याकडं काय उरलं, उस्ताद?”

गुलाब उस्तादांनी स्टूल थोडं पुढं ओढलं. थरथरते हात मांडीवर एकमेकांत अडकवले.

“तेच बगाया बसलोय मी.”